उन्हाळ्याच्या तोंडावर परसबाग: पाणी, पाचट आणि पानाची मागची बाजू

होळी झाली की आमच्या फलटणकडचं ऊन बदलतं. सकाळी नऊपर्यंत अंगणात बसता येतं, दहाला भिंती तापायला लागतात आणि दुपारी दोनला दोडक्याच्या वेलाने मान टाकलेली असते. हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर टाकली आणि ती आपसूक आली, अशा उत्साहात ज्यांनी पहिल्यांदा बाग सुरू केली, ते नेमके या दिवसांत धास्तावतात. पानं गोळा होतात, पिवळी पडतात, चिकट लागतात, एका रात्रीत कोवळ्या रोपांची चाळण होते. मग पहिला विचार येतो तो दुकानातून 'काहीतरी मारायला' आणण्याचा.

तसं करण्याआधी पान उलटं करून बघा. उन्हाळी भाजीपाल्यावरच्या बहुतेक कटकटी पानाच्या मागच्या बाजूला सुरू होतात आणि तिथेच, हाताने आणि पाण्याने, आटोक्यात येतात. त्यातल्या अर्ध्या तर किडीच्या नसतातच, त्या तहानेच्या आणि तापलेल्या मातीच्या असतात. म्हणून या लेखात आधी पाणी येईल, मग कीड.

काय लावायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बी टोकलं, तर रोपं कडक उन्हाच्या आधी मुळं धरतात. या काळात खात्रीच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी. पालेभाज्यांत माठ, राजगिरा, अंबाडी. मेथी आणि कोथिंबीर हवीच असेल तर भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत, थोडी थोडी. पालक उन्हाळ्यात पटकन तुरा काढतो, त्याच्या मागे लागू नका. टोमॅटो नव्याने लावायला हा काळ चांगला नाही. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर राहिला आणि रात्रीही उकाडा असला की त्याची फुलं गळतात, मग कितीही खत घाला.

पहिलाच उन्हाळा असेल तर 10 बाय 10 फुटांचा तुकडा पुरे. भेंडीची वीस-पंचवीस झाडं, एक ओळ गवार, काकडीचे दोन वेल, दोडक्याचा एक आणि कोपऱ्यात माठाचा वाफा. एवढं नीट सांभाळलं तर एक दिवसाआड भाजी निघते. मोठी बाग लावून अर्धी करपवण्यापेक्षा हे बरं.

बियाणं घेताना जात विचारून घ्या. भेंडीत 'परभणी क्रांती' ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची जुनी, घरगुती बागेला साजेशी जात. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगापुढे टिकणारी म्हणूनच ती पुढे आली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' ही दुसरी. गवारीत 'पुसा नवबहार' सरळ एका खोडावर वाढते, त्यामुळे जागा कमी लागते. काकडीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'हिमांगी' आणि 'फुले शुभांगी' या दोन जाती आहेत. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा. कारल्याचं आणि दोडक्याचं कवच टणक असतं, ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि मोड दिसल्यावर लावा. भेंडीच्या दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. दाट भेंडीत हवा खेळत नाही, आणि मुख्य म्हणजे खालची पानं आपल्याला उलटून बघता येत नाहीत.

भेंडीची पहिली तोडणी साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत येते, काकडी त्याच्या थोडी आधी. मार्चच्या सुरुवातीला टोकलेलं बी एप्रिलच्या मध्यावर ताटात येतं, असा हिशेब धरा.

आळं, वाफसा आणि पाचट

वेलांसाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात अर्धं पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धी माती भरा आणि कडेने मातीची रिंग करून आळं बांधा. 'पूर्ण कुजलेलं' यावर जोर देतो आहे, कारण ओलं किंवा अर्धकच्चं शेण घातलं की वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) त्यासोबत येतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला, गरम लागलं नाही आणि भुसभुशीत मोकळं झालं, की ते तयार.

शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द असतो, वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली तर फुटतो, ती अवस्था. भाजीच्या मुळांना पाण्यासोबत हवाही लागते आणि दोन्ही एकाच वेळी फक्त वाफशात मिळतं. म्हणून 'रोज दोन तांबे' असा नियम करू नका. बोटाची दोन पेरं मातीत घाला. तिथे ओल लागली तर आज पाणी नको, कोरडं लागलं तर द्या.

दुपारी वेल कोमेजलेला दिसला की नवीन माणूस धावत जाऊन पाणी ओततो. थांबा. दोडका, भोपळा, काकडी यांची पानं मोठी असतात. भर उन्हात त्यांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं तेवढ्या वेगाने ओढू शकत नाहीत, म्हणून ती लोंबतात. संध्याकाळी सहाला परत बघा. पानं ताठ झाली असतील तर वेल ठणठणीत आहे. संध्याकाळीही आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही मान खालीच असेल, तर मात्र तहान, मुळांची कूज किंवा मर (झाड सुकवणारा रोग) यांपैकी काहीतरी आहे. बोट घालून बघा. माती ओली असूनही झाड कोमेजलेलं असेल तर जास्तीचं पाणी झाडाला मारतंय.

पाणी सकाळी ऊन चढण्याआधी द्यावं. जमलंच नाही तर सूर्य मावळल्यावर. बुंध्याशी, सावकाश, आणि पानांवर न उडवता. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढा, हाताला गार लागल्यावरच पाइप आळ्यात सोडा. एप्रिलमध्ये दोडक्याच्या मोठ्या वेलाच्या एका आळ्याला मी रोज साधारण पाच लिटर देतो. तुमची माती मुरमाड असेल तर जास्त लागेल, काळी भारी असेल तर एक दिवसाआडही चालेल.

गावाला जायचं असेल किंवा पाण्याची ओढ असेल तर मटका पुरा. पाच-सात लिटरचा साधा मातीचा, बिनरंगाचा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, पाण्याने भरायचा, वर झाकण ठेवायचं आणि त्याच्या भोवती वीतभर अंतरावर तीन-चार वेल लावायचे. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि मुळं त्याला येऊन चिकटतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरला की झालं. झाकण विसरू नका, नाहीतर त्यात डास होतील.

आणि आच्छादन. आमच्या भागात या दिवसांत ऊसतोड संपत आलेली असते आणि शेतात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलेलं दिसतं. ते जळताना पाहून मला खरंच वाईट वाटतं. त्यातलं दोन भारे पाचट परसबागेला सोन्यासारखं आहे. कोकणात भाताचा पेंढा, शहरात वाळलेला पालापाचोळा, काहीही चालेल. मातीवर तीन बोटं जाड थर द्या, फक्त खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा. उघडी माती आणि झाकलेली माती यांवर दुपारी दोन वाजता तळहात ठेवून बघा, मग पुन्हा कुणी सांगावं लागणार नाही. वाळवीचा त्रास असलेल्या जागी मात्र पाचट आठवड्यातून एकदा उचकटून खाली मातीच्या नळ्या दिसतात का ते तपासा.

पश्चिमेचं ऊन सगळ्यांत वाईट. त्या बाजूला 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधा. पूर्व मोकळी ठेवा, सकाळचं ऊन भाजीला हवंच असतं. फेब्रुवारीत पश्चिमेला मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन ओळी टाकल्या असतील तर त्या गरम वारा आणि धूळ अडवतात. धूळ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लाल कोळीच्या वेळी लागणार आहे.

खताबद्दल थोडक्यात: दर पंधरा दिवसांनी झाडामागे दोन मुठी गांडूळखत पुरेसं आहे. युरिया नको. त्याने झाड हिरवंगार आणि लुसलुशीत होतं, आणि अशा लुसलुशीत शेंड्यावरच मावा सगळ्यांत आधी येतो.

रोजची दहा मिनिटं

सकाळी पाणी देण्याआधी बागेत एक फेरी मारा. प्रत्येक झाडाची तीन पानं उलटा: एक शेंड्याजवळचं, एक मधलं, एक खालचं. शेंड्याला मावा आणि फुलकिडे, मध्ये पांढरी माशी आणि तुडतुडे, खाली लाल कोळी, असा साधारण कल असतो. वाकलेली कळी, भोक पडलेलं फळ, सुकलेला शेंडा दिसला की जवळ जाऊन बघा. सोबत एक साधं भिंग, साबणाचं पाणी घातलेला डबा आणि कात्री असावी. जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच वही आधीच सांगते की तुमच्या बागेत पांढरी माशी मार्चच्या कुठल्या आठवड्यात येते.

रस शोषणाऱ्या किडी

मावा सगळ्यांना ओळखू येतो: कोवळ्या शेंड्यावर, चवळीच्या शेंगांवर हिरव्या किंवा काळ्या बारीक किडींचा थर, पान वाटीसारखं वळलेलं, हाताला चिकट. हा चिकटा म्हणजे माव्याने टाकलेली साखर. त्यावर पुढे काळी बुरशी येते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या ती साखर खातात आणि बदल्यात माव्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. म्हणून झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली तर वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिलं देतात, त्यामुळे दोनाचे दोनशे व्हायला फार दिवस लागत नाहीत. उपाय मात्र सोपा आहे. पान एका हाताने मागून धरा आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार मारा. सलग तीन सकाळी. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. उरलेल्यावर साबणाचं पाणी, एक लिटरला पाच मिलिलिटर सौम्य द्रवसाबण. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, तिच्याने पानं जळतात. एप्रिलचा पारा चढला की मावा आपोआप ओसरायला लागतो.

पांढरी माशी ओसरत नाही, उलट वाढते. झाड हलवलं की पांढरी भुकटी उडाल्यासारखी उडते आणि पुन्हा पानाखाली बसते. ती रस पिते हे एक झालं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ती भेंडीत केवडा पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्याधमक होतात, मधला भाग हिरवा राहतो, मग सगळं पान पिवळं आणि भेंडीही पांढरट-पिवळी, निबर. हा विषाणू आहे. त्यावर औषध नाही, कुणी देत असेल तर घेऊ नका. पहिलं झाड दिसताच मुळासकट उपटा आणि बागेबाहेर न्या. एका झाडाचा जीव तुटतो, मला अजूनही तुटतो, पण ते ठेवलं तर पंधरा दिवसांत ओळ जाते. मिरचीतला बोकड्या, म्हणजे पानं बारीक होऊन आकसणं, तोही असाच असू शकतो. तिथे मात्र आधी पान उलटून फुलकिडे आहेत का ते पाहा, कारण फुलकिड्यांनीही पानं वरच्या बाजूला वळतात आणि ती मिरची वाचू शकते.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. विकत मिळतात, घरीही होतात: पिवळा पुठ्ठा किंवा पिवळा रंगवलेला डबा, वर एरंडेल चोपडलेलं. शेंड्याच्या उंचीला टांगा, वेल वाढला की सापळाही वर सरकवा. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो. सापळ्याने कीड संपत नाही, पण ती किती आहे हे कळतं. आठवड्यात सापळा भरला तर फवारणीची वेळ आली, चार-दोनच अडकल्या तर नाही.

पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यासारखा खोडाच्या बेचक्यात दिसतो. जुन्या दातघासणीच्या ब्रशने साबणपाणी लावून घासून काढा. तो पुन्हा पुन्हा येत असेल तर कुंपणावरची जास्वंद तपासा, बहुतेक त्याचं बिऱ्हाड तिथे असतं.

आता लाल कोळी, ज्याला ओळखायला नवा माणूस सगळ्यांत उशीर करतो. पानावर वरून बारीक फिकट ठिपके, जणू मीठ शिंपडलंय. मग पान राखाडी-पिवळट, खाली बारीक जाळं. कीड म्हणावी तर काहीच दिसत नाही. ते पान पांढऱ्या कागदावर झटका आणि थोडं थांबा. कागदावरचे ठिपके चालायला लागले की तो लाल कोळी. हा कीटक नाही, आठ पायांचा कोळ्याच्या कुळातला जीव आहे, म्हणून कीटकांची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. उलट ती मारली की कोळीला खाणारे दुसरे कोळी मरतात आणि हा सैल सुटतो. कोरडी हवा, तापलेली भिंत आणि धुळीने माखलेली पानं त्याला फार मानवतात. अशा हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठवडाभरच लागतो. म्हणून इथे पाणी पानांवर मारायचं, तेही खालून. एक दिवसाआड पहाटे पानांच्या मागे जोराचा फवारा. फार माखलेली खालची पानं काढून पिशवीत बांधून टाका. आठवड्याने एकदा संध्याकाळी कडुनिंबाचं तेल. पाण्यात मिसळणारं गंधक कोळीवर चालतं, पण ते तापलेल्या हवेत आणि विशेषतः काकडीवर्गीय वेलांवर पानं जाळतं, आणि तेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे तर मारूच नये. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

कुरतडणारे आणि आत शिरणारे

काकडी-दोडक्याचं रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे येतात. नखाएवढा, नारिंगी, चकाकता किडा, कोवळ्या पानांना गोल भोकं पाडतो. पहाटे तो सुस्त असतो, हाताने वेचून साबणपाण्यात टाका. पंधरा दिवस रोपांवर सुती जाळीचं कापड काठ्यांवर ताणून ठेवलं तर त्रासच होत नाही. चार-पाच पानं झाली की वेल त्याला पुरून उरतो. आमच्या शेजारच्या काकी दवात चुलीची राख भुरभुरतात. थोडा उपयोग होतो, पण राख पाण्याने निघून गेली की पुन्हा टाकावी लागते.

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघोट्या म्हणजे नागअळी. रेघेच्या टोकाशी नखाने दाबा, आतली अळी मरते. मोठ्या झाडावर दहा-वीस रेघा असतील तर सोडून द्या.

वांग्याचा किंवा भेंडीचा नेमका शेंडाच सुकून लोंबत असेल तर आत पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या इंचभर खाली तो शेंडा खुडा, चिरून बघा, अळी सापडेल. खुडलेला शेंडा बागेतच टाकला तर अळी बाहेर येऊन कोष करते, म्हणून तो साबणपाण्यातच जायला हवा. झाडाला बाजूने नवे फुटवे येतात. हे काम आठवड्यातून दोनदा नेमाने केलं तर पुढे किडकी वांगी बरीच कमी निघतात.

फळमाशी मात्र खरा घात करते. बोटभर दोडका किंवा कारलं वाकडं होतं, एका जागी डिंकाचा थेंब दिसतो, मग पिवळं पडून गळतं. कापलं की आत पांढऱ्या अळ्या. माशी कोवळ्या फळात अंडी घालते. अळी आत वाढते, मग मातीत जाऊन कोष करते. यातली प्रत्येक पायरी तोडता येते. फूल सुकून फळ धरलं की दोन दिवसांत त्यावर वर्तमानपत्राची किंवा पातळ कापडाची लांब पिशवी बांधा, खालून थोडी सैल. गळलेलं फळ दिसलं की त्याच दिवशी उचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस उन्हात ठेवा, अळ्या आतच मरतात. ते फळ खतखड्ड्यात टाकू नका. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने वर-खाली करा, म्हणजे कोष उन्हात येतात आणि मुंग्या, चिमण्या ते वेचतात. क्यू-ल्युअरचा, म्हणजे वासाने फळमाशीला ओढणारा, सापळाही लावा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नका. दुकानदाराला 'वेलवर्गीय भाज्यांचा' असं स्पष्ट सांगा, आंब्याचा सापळा वेगळा असतो.

ज्यांना मारायचं नाही

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात चवळीवर काळ्या, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या झाल्या. भीतीने मी त्या सगळ्या वेचून मारल्या. आठवड्यात चवळी माव्याने काळी झाली. त्या अळ्या ढालकिड्याच्या, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या गोंडस किड्याच्या होत्या, आणि त्या मावा खायला आल्या होत्या. हे मला पुढच्या वर्षी कळलं. तुम्हाला आजच कळावं.

गोंधळ व्हायचं कारण असं की वांग्यावर त्याचाच एक पाने खाणारा भाऊबंद असतो, ठिपक्यांचा भुंगेरा. फरक बघा. ढालकिड्याची पाठ चकचकीत, तर या भुंगेऱ्याची मातकट, मंद, बारीक लव असलेली. ढालकिड्याची अळी काळपट आणि चपळ. भुंगेऱ्याची अळी पिवळी, अंगभर काटे असलेली, आणि ती जिथे बसते तिथलं पान खरवडून जाळी उरते. अंडी दोघांचीही पिवळी, उभी, पुंजक्यात असतात, त्यामुळे नुसत्या अंड्यांवरून ठरवू नका. जवळ मावा असेल तर बहुतेक मित्राची, पान खरवडलेलं असेल तर शत्रूची.

पानाखाली केसासारख्या देठावर टांगलेलं बारीक पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाचं. त्याची अळीही मावा फस्त करते. कोळी, सरडा, प्रार्थना कीटक, पानांत टुणटुण उड्या मारत अळ्या टिपणारा शिंपी पक्षी, हे सगळे तुमच्या बाजूने आहेत. बागेच्या कडेने झेंडू लावा, थोडी कोथिंबीर आणि बडीशेप फुलावर जाऊ द्या. त्या बारीक फुलांवर हे मित्रकीटक पोट भरतात. एका उथळ थाळीत खडे टाकून पाणी ठेवा, खड्यांवर बसून मधमाश्या पितात.

फुलं भरपूर, फळ नाही

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. दोडका, दुधी, काकडी, कारलं यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि पहिले दहा-पंधरा दिवस बहुतेक नरच. ती गळणार, काळजी करू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. मादी फुलं येऊनही फळ पिवळं पडून गळत असेल आणि त्यावर फळमाशीची खूण नसेल, तर परागीभवन होत नाही. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, पण दोडका आणि दुधी संध्याकाळी. हे माहीत नसल्यामुळे लोक सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटत बसतात. दिवेलागणीला जा, ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागे सारा आणि त्याचे पिवळे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. एका नराने दोन-तीन माद्या होतात.

याच कारणाने फवारणी उमललेल्या फुलांवर कधीच करू नका. दोडका-दुधीचं संध्याकाळचं फूल आणि संध्याकाळची फवारणी यांचा मेळ घालायचा असेल तर फुलं टाळून फक्त पानांच्या मागे मारा.

निंबोळी अर्क

एवढं करूनही कीड वाढली तर पाच टक्के निंबोळी अर्क. प्रमाण सोपं: एक लिटरला 50 ग्रॅम. पाच लिटरसाठी 250 ग्रॅम वाळलेली निंबोळी जाडसर कुटा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, पाणी दुधाळ होईतो. ते गाळून त्यात 10 ग्रॅम साबण विरघळवा आणि एकूण पाच लिटर करा. त्याच दिवशी संपवा. निंबोळी नसेल तर लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल घ्या. आधी ते दोन मिलिलिटर द्रवसाबणात नीट घोळवा, मग थोडं थोडं पाणी घालत ढवळा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या झाडावर सगळं एकदम पडतं.

दोन पानांवर मारून चोवीस तास थांबा. पान जळलं नाही तर पुढे जा. वेळ नेहमी ऊन उतरल्यावर, कारण निंबातला कामाचा घटक उन्हात लवकर विरतो आणि तेलकट पान उन्हात भाजतं. मी एकदा सकाळी दहाला मारून काकडीचे दोन्ही वेल करपवले आहेत. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून निराश होऊ नका. निंबोळीने किडीची भूक मरते आणि अळीला कात टाकता येत नाही, त्याला चार-पाच दिवस लागतात. सात-आठ दिवसांनी पुन्हा एकदा मारा.

काकडीच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर असेल तर ती कीड नाही, भुरी नावाची बुरशी आहे. एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी, सकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा.

दुकानातलं रासायनिक औषध घरच्या दहा बाय दहाच्या बागेला लागतं असं मला वाटत नाही, कारण आपण ती भाजी एक दिवसाआड तोडून खातो आणि तोडणीआधी थांबायचे दिवस पाळणं अशक्य होतं. तरीही बाटली हाती घेतलीच तर तिच्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात बंदी आहे, कुणी 'थोडंसं मारा' म्हणून दिलं तरी घेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. निंबोळी अर्क असला तरी तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याकडे पाठ, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पाडव्याला कडुनिंब मोहोरलेला असतो, तेव्हा जवळपासचं एखादं चांगलं झाड हेरून ठेवा. जूनमध्ये त्याखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडेल. त्या वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि सुती पिशवीत कोरड्या जागी टांगा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. आठ-दहा महिन्यांनंतर त्यांचा जोर कमी होतो, म्हणजे पुढच्या होळीपर्यंत त्या पुरतील. पिशवीवर महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका.